सकुबाईच्या अंगणातली गंजी

वैशाखरे गावात गवताची गंजी रचायचं काम पुरुषांचं. सकुबाईचा नवरा गेला त्या वर्षी मात्र तिने पदर खोचला आणि मधल्या खांबाभोवती गवताच्या पेंढ्या अशा बसवल्या, की पुढच्या वर्षीपासून लोक तिलाच बोलवायला लागले. त्याचा तिला गर्व झाला तो कायमचा. कुणाची गंजी कलंडली की ही रस्त्यात उभी राहून विचारणार, "गवत रचलंय का म्हशीनं लाथाडलंय?"

यंदा माळावर कापलेलं गवत पडलेलं असताना पाऊस आला आणि दिवस न् दिवस हलला नाही. गवत काळं पडलं, भाताचा पेंढाही कुजला. गोठ्यात दोन बैल आणि एक गाभण म्हैस. उन्हाळाभर त्यांना घालायचं काय?

"आई, म्हस विकाय लागंल," सून पूजा म्हणाली.

सकुबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही म्हैस तिच्याच हातावर जन्मलेली.

शहाण्या माणसाने ते कुजकं गवत अंगणात तसंच पडू दिलं असतं. पण मोकळा खांब घेऊन गावापुढे बसायची सकुबाईला लाज. तिने सडकं सगळं आत दडपलं आणि माळ्यावर उरलेल्या गेल्या वर्षीच्या सुक्या पेंढ्या बाहेरून लावल्या. गंजी नेहमीसारखी देखणी झाली.

शेजारचा दामू कुंपणाशी थबकला. "वयनी, तुमच्या माळावर पाऊस पडलाच नाय का?"

"पडला, भावजी. पण रचायला हात लागतो."

पुढच्या आठवड्यात तलाठी पंचनाम्याला आला. ज्यांचा चारा वाया गेला त्यांना सरकारी मदत मिळायची होती. त्याने सकुबाईच्या गंजीचा मोबाइलवर फोटो काढला. "मावशी, तुमचं छान वाचलं की. नुकसान नाही, असं लिहितो."

पूजाने सासूकडे पाहिलं. दामूही कुंपणाशी येऊन उभा. खरं सांगावं तर गावभर हसू, न सांगावं तर म्हैस जाणार. गोठ्यात म्हशीने गव्हाणीला शिंग घासलं.

"थांबा, लिहू नका," सकुबाई म्हणाली. तिने गवत ओढायची आकडी घेतली, गंजीच्या पोटात घातली आणि ओढली. आतून वाफ निघाली. आंबूस वास आला आणि बुरशी धरलेलं गवत तलाठ्याच्या बुटांवर पडलं.

तो मागे सरकला. "अहो, हे झाकून कशाला ठेवलंत?"

"लोकं बघतात ना, सायेब."

"मीही बघायलाच आलो होतो."

 आपल्या हाताने रचलेली गंजी सकुबाईने आपल्याच हाताने खांबापर्यंत उतरवली. तलाठ्याने पुन्हा फोटो काढले, आधीचा काढून टाकला आणि नुकसान लिहून घेतलं.

दामू घसा खाकरत पुढे झाला. "सायेब, जरा आमच्याकडं परत येता का?"

"तुमचं सकाळीच झालं. चारा उत्तम आहे म्हणालात."

"वरनं उत्तम हाय."

सकुबाई आकडी टेकवून उभी राहिली. "आन मला पाऊस इचारत होता."

"मंग काय करणार, वयनी? तुमची उभी राह्यलेली बघून आमी समद्यांनीच तशी रचली," दामू म्हणाला.

तलाठ्याने कपाळावर हात मारला. सकाळी बघितलेली घरं त्याला आता पहिल्यापासून परत बघावी लागणार होती. पूजाने त्याला चहा दिला आणि सकुबाई आकडी खांद्यावर टाकून त्याच्यापुढे चालायला लागली.