अठरा घरांचं बियाणं

माझा डावा कान तान्हेपणापासून वाहतो. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्याला थेंब दिले आणि एक लांबलचक नावही दिलं. आमच्या वाडीनं मात्र त्याचं कारण माझ्या जन्माआधीच ठरवून टाकलं होतं. ते कारण म्हणजे माझा आजा सटवा, माझ्या आईचा बाप. त्याच्याबद्दल सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. फसली तेराशे तीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीसच्या सुमाराच्या दुष्काळात आमच्या वाडीनं पेरायची ज्वारीसुद्धा दळून खाल्ली. पुढच्या साली पाऊस आला, रानं भिजली, पण पेरायला दाणा कुणाकडं? दोघांनी बाजारातून बी आणलं, ते उगवलंच नाही. मग म्हाताऱ्या बायनाबाईनं आपली उतरंड उतरवली. तळाच्या मडक्यात राखेत पुरलेली अर्धी पायली ज्वारी निघाली, वाडीचीच, जुनी. आदल्या साली ती स्वतः तरवट्याचा पाला खाऊन राहिली होती, पण त्या मडक्याला तिनं हात लावला नव्हता.

अर्धी पायली अठरा घरांत वाटली असती तर चिमणीच्या चोचीएवढी आली असती. म्हणून सगळे खंडोबाच्या ओट्यावर बसले आणि ठरलं ते असं : ओढ्याकाठची सटवाची पट्टी ओल धरते, तिथं सटवानं हे बी पेरावं. खुरपायला, राखणीला अठरा घरांनी पाळीपाळीनं यावं. कडबा सटवाचा. दाणे मात्र अठरा घरांचे, पुढच्या पेरणीला सारखे वाटायचे. आणि तोवर त्या रानातलं एक कणीसही कुणी मोडायचं नाही. हुरड्यालाही नाही.

सगळ्यांनी बेल-भंडारा उचलून शपथ घेतली. पाटील बंकट पहिला, सटवा शेवटचा.

एका कणसानं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. पण हुरड्याला आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. वाटसरूलाही बांधावर बसवून आगटीतला गरम दाणा हातावर चोळून देतात. एकाला दिलं की दुसऱ्याला द्यायचं, आणि मग पुढच्या पेरणीला पुन्हा रिकामं मडकं. हे सटवाला नीट कळत होतं. ज्याच्या रानातून आजवर कुणी रिकाम्या तोंडी गेलं नव्हतं, त्याच माणसावर ही पाळी आली.

पीक मात्र छातीएवढं आलं. पौषात कणसात दूध भरलं, आणि त्याच सुमारास माझी आई गीता बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना. तिला डोहाळे लागले ते नेमके हुरड्याचे. वाऱ्यावर पिकाचा वास आला की ती दारात येऊन उभी राहायची.

"बा, एकच कनीस," ती म्हणाली.

आजा पायताण चढवू लागला. आजी भामाबाईनं तोंड सोडलं, "पोटुशी पोर हाय. डोहाळे मोडले तर लेकराचा कान फुटंल. खंडोबा का तुमाला खानार हाय?"

"खंडोबाचं न्हाई गं," आजा म्हणाला. "त्या बायनामायनं पाला खाल्ला, तिला काय सांगू?"

त्या दिवसापासून तो घरी जेवायला येईना. भाकरी रानातच मागवायचा. लेकीच्या समोर यायचं धाडस त्याच्यात नव्हतं. याला मी पळपुटेपणा म्हणते.

आठ दिवसांनी गिरदावराचा मुक्काम वाडीत पडला. जमीन-महसुलाचा साहेब, त्याच्याबरोबर शिपाई, पाहुणे, घोडी. आल्या आल्या फर्मान सुटलं : चार पोती हुरड्याची कणसं आणि घोड्यांना हिरवी वैरण. वाडीत ज्वारी उभी होती ती एकाच रानात. पाटील मान खाली घालून बांधावर आला.

"सटवा, दे बाबा. सायबाला न्हाई कोन म्हनंल?"

"पाटील, भंडारा तुमीबी उचललाय."

"उचललाय की. पर गाव मला सांभाळायचंय."

"मंग सायबाला सांगा, सटवा न्हाई म्हनतो."

आजाला चावडीवर नेलं. वाडी मागोमाग गेली. गिरदावर खाटेवर बसला होता. तो वाईट माणूस होता असं नाही, पण नाही ऐकायची त्याच्या कानांना सवय नव्हती.

"जमीन कुणाची?"

"माझी, सरकार."

"मग पीक तुझं."

"पीक अठरा घरांचं हाय."

"मालक तूच. मालकानं हो म्हणावं आणि सुटावं."

"मालक असतो तर पयलं लेकीला दिलं असतं," आजा म्हणाला.

साहेबाला यातलं काही उमगलं नाही. त्यानं आजाला भर उन्हात वाकवून पायाचे अंगठे धरायला लावले आणि पाठीवर जात्याची वरची तळी ठेवली. मग जमलेल्यांना म्हणाला, "तुमच्यातल्या एकानं हो म्हटलं तरी दगड उतरेल."

आता शपथ आजाची एकट्याची राहिली नाही. अठरा घरांची माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. आजाचे पाय लटलट कापत होते, नाकावरून घाम मातीत टपकत होता. कुणी हो म्हणेना आणि कुणाला तिथून हलवेना. पाटलाचे ओठ दोनदा हलले आणि मिटले.

तेवढ्यात आई आली, पोट सावरत, अनवाणी. बापाला तसं बघून तिनं पदर तोंडात कोंबला. बायनाबाईला राहवलं नाही. "सायब, ही त्याची लेक. हुरड्याचे डोहाळे लागलेत, तर बापानं हिलाबी कनीस न्हाई दिलं."

गिरदावर उठून उभा राहिला. त्यालाही घरी लेकीबाळी असतील. तो आईला म्हणाला, "बेटी, पहिलं कणीस तू मोड. मग आम्हाला दे. बापही सुटेल, तुझे डोहाळेही पुरतील. हो म्हण."

वाडीनं सुटकेचा श्वास टाकला. पोटुशी बाईसाठी शपथ मोडली तर देवही रागावत नाही, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. बायनाबाईसुद्धा मान हलवत होती. आईनं फक्त हो म्हणायचं होतं.

आईनं वाकलेल्या बापाकडं बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

"मला नगं," ती म्हणाली. "डोहाळे फिटले माझे."

धडधडीत खोटं. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं सगळ्यांना दिसत होतं.

गिरदावर परत खाटेवर बसला. मग हातानं खूण केली. पाटलानं पुढं होऊन स्वतः ती तळी उतरवली. दुसऱ्या दिवशी साहेबानं हरभऱ्याच्या चार पेंढ्या घेतल्या आणि मुक्काम नांदूरघाटला हलवला.

आजाची पाठ मात्र पुन्हा सरळ झाली नाही. फाल्गुनात खळ्यावर अठरा सारखे ढीग पडले, तेव्हा मी महिन्याची होते आणि माझा कान वाहायला लागला होता.

पुढच्या हुरड्याला वाडीतली सगळी रानं भरली, आणि आई मला घेऊन माहेरी आली. बाकीच्या सतरा घरांनी आपापलं पहिलं कणीस स्वतः खाल्लं नाही, आमच्या दारी आणून दिलं. आई रडत रडत खात होती. आजानं हुरडा पुढं मरेपर्यंत तोंडात घातला नाही.

मी मोठी होत गेले. एरवी आजा माझ्याशी बोलायला उजव्या बाजूला बसायचा. पण दरसाल पौषात, पहिली आगटी पेटली की तो मला मांडीवर घ्यायचा आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलायचा. त्या कानानं मला काही ऐकू येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो काय म्हणतो ते मी कधी विचारलं नाही, नुसती मान हलवून हो म्हणायचे.