आठचाकीचे मामा

आमचे ड्रायव्हर मामा गाडी सुरू करण्याआधी तिच्या आठही चाकांवर तळहात टेकवत एक फेरी मारायचे. माणूस घोडेगावचा, तिथल्या जनावरांच्या बाजारात बैल बघताना असाच हात फिरवतात. फरक एवढाच, की हा बैल पोलादी होता आणि पोटात दहा जवान घेऊन लढाईत उतरायचा होता. फौजेसाठी बनवलेला तो पहिलाच नमुना. नगरच्या लष्करी केंद्रात त्याच्या चाचण्या चालायच्या, मी तिथे फिटर होतो. मामांची फेरी संपेपर्यंत आम्ही पाने हातात धरून ताटकळायचो. "घाई तुमाला हाय, तिला न्हाई," ते म्हणायचे.

उभी नोकरी मामांनी साखळीपट्ट्यांचे रणगाडे चालवले, पण जीव जडला तो या चाकांच्या धुडावर. जेवायलाही तिच्या पोटातच बसायचे. नगरच्या उन्हात पत्रा तव्यासारखा तापलेला. घामाने निथळत बाहेर यायचे आणि वर आम्हाला सांगायचे, "आत लई गार हाय."

दगड, चढ, खड्डे, सगळ्या परीक्षा गाडी पास झाली. राहिली फक्त चिखलाची. चाकं चिखलात रुततात, पट्टेच बरे, असं वरच्यांचं मत. ते खोटं ठरल्याशिवाय गाडी मंजूर होणार नव्हती, आणि त्या दुष्काळात चिखल आणायचा कुठून? मामांची निवृत्ती तोंडावर आलेली. "मी हाय तवर ही पास झाली पायजे," म्हणत ते रोज साहेबांच्या दारात. टँकर मागवा, काळ्या रानात पाणी सोडा. शेवटी साहेब कंटाळले आणि हो म्हणाले.

टँकर आले त्या सकाळी मामा धुतलेली डांगरी घालून आले. फेरी झाली, इंजिन सुरू झालं. तेवढ्यात शेजारी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया घागरी घेऊन धावत आल्या. पाणी आपल्यासाठीच आलंय असं त्यांना वाटलं. एका म्हातारीने मामांनाच विचारलं, "दादा, रांग कुटून लावायची?"

मामांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. "साहेब, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

साहेबांनी टँकरकडे बोट केलं. "पुन्हा टँकर मिळायचे नाहीत, मामा."

"ठाव हाय."

मग रांग मामांनीच लावली. घागरी भरताना सांडलं, तेवढाच काय तो चिखल.

चाचणी राहिली ती राहिलीच, आणि पावसाची वाट न बघता वरच्यांनी गाडी रद्द केली. मामा निवृत्त झाले. गाडीची चाकं काढून दुसरीकडे नेली आणि धूड मागच्या आवारात लाकडी ठोकळ्यांवर पडलं. मला गाडीपेक्षा मामांचंच जास्त वाईट वाटायचं.

पुढच्या पावसाळ्यात ते भेटायला आले. वहाणा हातात, पाय पोटरीपर्यंत बरबटलेले. मी त्यांना मागे घेऊन गेलो. सवयीने त्यांनी फेरी मारली. चाकं नव्हती, तरी जागा आली की हात पुढे व्हायचा. मग दमून एका ठोकळ्यावर बसले आणि आपल्या पायांकडे बघत राहिले.

"काय चिखल झालाय रं यंदा," म्हणाले. "हिनं सहज वाट काढली असती."