राईतल्या चपला

साफसफाईचं वेड मला माहेरून आलं. माहेर अंबाजोगाईचं, वडील शाळेत शिपाई. शाळेचं आवार त्यांच्या ताब्यात, आणि त्या आवारात पडलेलं पानसुद्धा त्यांना खपत नसे. घरी पाहुणा आला की त्याने उंबऱ्याशी काढलेल्या चपला आम्ही बहिणी उचलायचो, खालची माती झाडायचो आणि चपला फिरवून, तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचो. पाहुणा निघाला की त्याचा पाय सरळ चपलेत गेला पाहिजे, असा वडिलांचा दंडक. ही सवय हातात इतकी मुरली होती की लग्नघरी, दवाखान्यात, कुणाच्या मयतीलाही माझे हात शिवशिवायचे. बाया मला हसायच्या. मी आता पाहुण्यांच्या चपलांना हात लावत नाही, त्याचं खरं कारण घरात कुणालाच ठाऊक नाही.

माझं सासर तेलगावपासून बरंच आत. गावात बायकांची दूध संस्था आहे आणि तिथे दूध मोजायचं, फॅट काढायचं काम माझ्याकडे. संस्थेने अगदी सुरुवातीला पाझर तलावाखालच्या गायरानात कडुलिंबाची झाडं लावली होती. बायकांनी डोक्यावरून पाणी नेऊन ती जगवली आणि त्यांची चांगली दाट राई झाली. मी सांगते आहे त्या दुष्काळाच्या वर्षी तलावाच्या तळाला भेगा पडल्या, बाभळीसुद्धा वाळल्या, संस्थेत एक कॅन भरायची मारामार झाली. राई मात्र हिरवीच राहिली. एवढी हिरवी, की बघून बरं वाटायच्या ऐवजी दचकायला व्हायचं. ही पाणी कुठून पिते कुणास ठाऊक, असं माझी धाकटी जाऊ म्हणायची.

ऊसतोडीला माणसं न्यायला येणाऱ्या गाड्या राईपाशीच थांबतात. आमच्या गावात एक रीत आहे. निघताना प्रत्येकजण पायातल्या जुन्या चपला राईत काढून ठेवतो आणि दुसऱ्या घालून गाडीत चढतो. चपलांची तोंडं गावाकडे करायची. माघारी आलं की गाडीतून उतरून आधी त्या जुन्या चपला घालायच्या आणि मगच गावात पाऊल टाकायचं. पायांनी घराची वाट विसरू नये म्हणून, असं म्हाताऱ्या सांगतात. घरच्या माणसाशिवाय त्या चपलांना कुणी हात लावत नाही. त्यामुळे पाच-सहा महिने राईत माणूस नसतं, नुसत्या चपला असतात. बाप्यांच्या, बायांच्या, पोरांच्या, सगळ्या गावाकडे बघत. मला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. लग्न होऊन मला पंधरा वर्षं झाली होती.

त्या वर्षी जाऊही निघाली. आमची चूल एक, म्हैस एक, आणि दोघींचं पटायचंही बहिणींसारखं. त्याआधी ती कधी ऊसतोडीला गेली नव्हती. दिराचं ठरलं तेव्हा मला वाटलं ही मागे राहील, आम्ही दोघी म्हैस घेऊन चारा छावणीत जाऊ. तसं मी बोललेही.

"म्हशीसंगं मी बी दावणीला बसू का, अक्का?" ती म्हणाली. "घरी बसून लई झालं. ह्यांच्यासंगं जाते."

माझं तोंड सुटलं. "जातीस तर जा. पण मंग माघारी येऊ नको."

तिने हसण्यावारी नेलं. मी मात्र फुगून बसले. गाडी यायच्या दिवशी मी भल्या सकाळी संस्थेत गेले आणि रिकाम्या कॅनपाशी बसून राहिले. गाडीचा भोंगा दोनदा वाजला. जाऊ माझी वाट बघत थांबली होती, हे मला नंतर कळलं.

गावात कुलपं उरली, म्हातारी माणसं उरली आणि आम्ही थोडी. टँकर राईच्या कडेला थांबायचा, तिथेच रांग लागायची, आणि रांगेतल्या लोकांनी राईची पार रया घालवली होती. गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, फाटके पाइप, बाटल्या. वारा सुटला की ते सगळं झाडांच्या बुंध्यांना येऊन चिकटायचं. माघात संस्थेच्या चेअरमनबाईंनी मीटिंग घेतली आणि श्रमदानाने राई साफ करायची असं ठरलं. पुढे कोण होणार, तर अर्थातच मी.

आम्ही नऊजणी होतो. खराटे, घमेली, खताची रिकामी पोती आणि कचरा न्यायला चेअरमनबाईंच्या घरचा ट्रॅक्टर. सकाळची वेळ होती, तरी राईत शिरल्यावर सगळ्यांचं बोलणं आपोआप बंद झालं. पाखरू नाही, खार नाही. दुष्काळात पाखरंही पाणी असेल तिकडे जातात, हे कळत होतं, पण एवढ्या पाल्यात एकही आवाज नसावा हे काही बरं वाटत नव्हतं. खराट्याचा आवाज तेवढा यायचा, आणि आपण थांबलो तरी कुठेतरी मागे तो चालू आहे असं वाटायचं. मी दोनदा वळून पाहिलं. मागे नुसत्या चपला होत्या.

बाकीच्या बाया चपलांच्या कडेकडेने झाडत पुढे गेल्या होत्या. मला ते बघवेना. कचरा काढायचा तर सगळा काढायचा, असं म्हणून मी वाकले. एकेक जोड उचलला, आपटून धूळ काढली, खालचा पाला आणि पुड्या ओढल्या, जोड परत ठेवला. काही जोडांत कोळ्यांनी जाळी विणली होती. एका लहानग्या बुटात मुंगळ्यांचं घर होतं. तुटलेल्या, जोडीच नसलेल्या तीन-चार चपला पाल्यात पुरल्या होत्या. त्या मी पोत्यात टाकल्या. काम झालं तेव्हा राई अशी लख्ख दिसत होती, की चेअरमनबाईंनी मोबाइलवर फोटो काढला. ट्रॅक्टर पोती घेऊन गावाबाहेरच्या खाणीकडे गेला. मी घरी जाऊन, वडील असते तर खूश झाले असते असं म्हणत, चार घास जास्तच जेवले.

दुपारी टँकरच्या रांगेत तो फोटो हातोहात फिरत होता. आमच्या शेजारच्या म्हातारीचे दोन्ही लेक ऊसतोडीला गेलेले. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्या कावून फिरवल्या गं?" तिने विचारलं.

"काय फिरवलं, आजी?"

"बघ की. समदी उठून निघाल्यावानी दिसत्यात."

मी पाहिलं. फोटोत चपलांच्या सरळ रांगा होत्या. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. गावाकडे टाचा. गावातली सगळी माणसं आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आहेत आणि आता चालायला लागणार, तसं ते दिसत होतं. माझ्या डोक्याला पत्ता नव्हता आणि हातांनी वडिलांचा दंडक पाळला होता. पाहुण्यांच्या चपला फिरवतात तशा मी घरच्यांच्या चपला फिरवल्या होत्या.

मला जाऊ आठवली, आणि मी तिला काय बोलले होते ते आठवलं. आधी तोंडाने सांगितलं होतं, आता हातांनीही सांगून झालं होतं.

कळशा तशाच टाकून बाया राईत पळाल्या. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. म्हातारी म्हणाली, ज्याच्या त्याच्या घरच्यानंच सरळ कराव्यात. मग ज्या मागे राहिल्या होत्या त्यांनी आपापले जोड शोधून गावाकडे वळवले. ज्यांच्या घराला कुलूप होतं, त्यांच्या चपलांकडे नुसतं बघत उभं राहायचं. तशा बऱ्याच होत्या.

मी जावेचा जोड शोधत होते. निळ्या पट्ट्याच्या चपला, उजव्या पट्ट्याला दिराने तांब्याची तार गुंडाळलेली. उजवी सापडली. डावी कुठेच नव्हती. दिवस कलला, बाया कळशा घेऊन घरी गेल्या, मी झाडाझाडाखाली गुडघ्यांवर फिरले. मग एकदम उमगलं. जोडी नसलेल्या म्हणून ज्या पोत्यात टाकल्या, त्यांत ती असणार. पाल्यात पुरली होती म्हणून मला जोड दिसला नसणार.

मी खाणीकडे गेले. ट्रॅक्टरवाल्याने पोती ओतून पेटवून दिली होती. आग विझली होती, वाफ निघत होती. काठीने राख उकरली तर प्लॅस्टिकचे काळे गोळे वर आले, आणि एक रबरी तळवा, टाचेकडून अर्धा उरलेला. पंजाकडचा भाग वितळून गेला होता. निळा होता की नव्हता, त्या उजेडात सांगता येत नव्हतं. मी हात लावला तेव्हा तो अजून गरम होता. अंगातली गरमी असते तेवढाच.

परत येऊन मी उजवी चप्पल एकटीच गावाकडे तोंड करून ठेवली. शेजारी डावीची जागा मोकळी सोडली. राईतून बाहेर पडताना मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी रोज दिराला फोन लावायचे. कधी लागायचा नाही, कधी बंद असायचा. एकदा लागला तर त्याने घाईघाईने "समदे बरे हाव" म्हणून ठेवून दिला. जावेशी बोलायचं आहे म्हटलं तर म्हणाला, ती फडात गेली. दुसऱ्या वेळी म्हणाला, झोपली. भरदुपारी ती झोपेल यावर माझा विश्वास बसेना. मी रोज राईत जाऊन ती एकटी चप्पल बघायचे. तिच्यावर धूळ बसायची ती पुसायचेही नाही. पुसायची भीतीच बसली होती.

गाड्या पाडव्याच्या आधी आल्या, उन्हाच्या ऐन तडाख्यात. मी राईच्या कडेला उभी होते. माणसं उतरत होती, चपला घालत होती, हसत होती. माझी नजर सगळ्यांच्या पायांवर. कुलूपवाल्या घरांतली निम्मी माणसं आलीच नाहीत, ती फडावरूनच परस्पर पुण्याकडे कामाला गेली. गावात पाणी नव्हतं म्हणून गेली, असं सगळे म्हणतात, आणि मीही मान हलवते. त्यांच्या चपला रस्त्याकडे तोंड करून तशाच पडल्या होत्या.

जाऊ सगळ्यांत शेवटी दिसली. दिराने तिला उचलून खाली घेतलं. तिचा डावा पाय फडक्यात गुंडाळलेला होता, आणि जिथे पंजा असायला हवा तिथे फडकं आधीच संपत होतं.

"उसाची गाडी गेली पायावरून," दीर खाली बघत म्हणाला. "फोनवर सांगितलं न्हाई. म्हणलं, तुमी उगी जिवाला लावून घ्याल."

ती माझ्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उभी राहिली. खूप वाळली होती. तिने आपल्या चपलांच्या जागेकडे पाहिलं.

"एकच हाय व्हय, अक्का?"

"हां," मी म्हटलं.

"बरं झालं. मला बी आता एकच लागती."

आणि ती हसली. तिने उजवा पाय तार गुंडाळलेल्या चपलेत घातला, सगळा भार माझ्यावर टाकला आणि एकेक उडी घेत गावात आली. वेशीपाशी माझ्या कानाशी म्हणाली, "येऊ नको म्हणली व्हतीस. तरी आले बघ." तिथे मी जो हंबरडा फोडला, त्याने बाया घराबाहेर आल्या. सगळ्यांना वाटलं मी तिच्या पायासाठी रडते आहे.

आता ती संस्थेत माझ्या शेजारी बसून दूध मोजते. दरवर्षी माघात राईची सफाई होते, मी बाहेरच्या बाजूने झाडते, आत जात नाही. त्या डाव्या चपलेचं तिला मी आजवर सांगितलेलं नाही. घरी कुणी पाहुणं आलं की दीर पायाची गोष्ट काढतो, आणि "तो दिवस असा व्हता" असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, की मी चहा ठेवायला आत जाते. तो दिवस कोणता, सफाईचाच की दुसरा, हे मी कधी विचारलं नाही.