काटा किती दाखवतो

भडका मिस्त्री हे नाव त्याला ट्रकस्टँडवरच्या ड्रायव्हरांनी दिलं आणि त्याने ते चाळीस वर्षं इमानेइतबारे सांभाळलं. राग त्याच्या नाकावर नसायचा. नाकावर असता तर समोरच्याला निदान लांबून दिसला असता. तो थेट हातातल्या पान्ह्यात असायचा. आटे गेलेल्या बोल्टशी तो अर्धा अर्धा तास भांडायचा आणि बोल्टाने ऐकलं नाही तर बोल्ट बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. पण त्याने बांधलेलं इंजिन परत त्याच्या दारात आलं, असं सांगणारा माणूस स्टँडवर मिळाला नसता.

त्याची एक सवय होती. इंजिनातून निघालेली कुठलीही वस्तू तो मळकी राहू देत नसे. बोल्ट निघाला की घमेल्यातल्या डिझेलमध्ये बुडायचा, ब्रश फिरायचा आणि जुन्या चादरीवर आपल्या नंबरात जाऊन बसायचा. डोकं कुठेही असो, हात धूत राहायचे. बायको म्हणायची, घरात पाणी प्यायलेला पेला जागेवर ठेवत नाही आणि तिथे वॉशर न्हाऊ घालतो. मिस्त्रीला या सवयीचा अभिमान होता. तो अभिमान त्याला किती महागात पडला, तेच इथे सांगायचं आहे.

आता चौसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो किरकोळ कामं घ्यायचा. मोठी इंजिनं हमरस्त्यावरच्या नव्या गॅरेजकडे जायची. तिथे काचेची केबिन होती, केबिनमध्ये गारवा होता आणि निळ्या कोटातला एक फोरमन होता. मिस्त्री त्यांना काचवाले म्हणायचा. धाकट्या बहिणीच्या ट्रकचं इंजिन बांधायला झालं, तेव्हा "माझ्याच्याने होणार नाही, काचवाल्यांकडे टाक" असं सांगणारा हाच शहाणा होता. ही गोष्ट तो हल्ली कोणाला सांगत नसे.

धाकटी एकोणीस वर्षं ट्रक चालवत होती. ट्रक मालकाचा, सीट तिची. स्टँडवरच्या तीसेक ड्रायव्हरांत ती एकटी बाई. पहिली दोन वर्षं लोक तिला गाडी मागे घेताना बघायला उभे राहायचे. पुढे कंटाळले, कारण बघण्यासारखं काही घडतच नव्हतं.

इंजिन बांधून आल्याला पाच आठवडे झाले होते. एरवी साडेचारावर असणारा ऑइल प्रेशरचा काटा खाली खाली यायला लागला. तिने फोरमनला फोन केला. तो म्हणाला, इंजिन नवं आहे, काटाच खोटा बोलतोय, चालवत राहा. दोन दिवसांनी भरल्या खडीनिशी मोठ्या चढावर काटा शून्यावर आला आणि इंजिनातून ठोकल्याचा आवाज सुरू झाला. तिने लगेच गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मालकाने साखळी लावून ट्रक काचवाल्यांकडे ओढून नेला. त्यांनी कोणी हजर नसताना तेल काढलं आणि कागदावर लिहिलं, 'फक्त दोन लिटर तेल निघाले. ड्रायव्हरने तेल पाहिले नाही.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, शिक्क्यासकट.

मालकाने तो कागद स्टँडवर चहाच्या टपरीसमोर मोठ्याने वाचला. वर स्वतःच्या पदरचं घातलं, "बाईमाणसाच्या हातात स्टिअरिंग दिलं की हे असं होतं." एक तारखेपासून सीट दुसऱ्याला. धाकटीने तिथेच त्याला अडवलं. "माझा भाऊ इंजिन खोलेल. तेल नव्हतं म्हणून इंजिन गेलं असेल, तर मी स्वतः किल्ली आणून देईन."

"रविवारी फोरमनला घेऊन येतो," मालक म्हणाला. "तोवर दाखवा काय ते."

काचवाल्यांकडून ट्रक ओढून शेडमध्ये आणला आणि शुक्रवारी सकाळी मिस्त्री पाठीखाली पुठ्ठा घेऊन त्याच्याखाली सरकला. धाकटी शेजारी उकिडवी बसली. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेली तेलाची परात. तिच्या बोल्टांना पान्हा लावला आणि मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा बघ. हाताने फिरतोय. हा दुसरा आखूड, कुठल्या तरी भलत्याच गाडीचा. याला वॉशरच नाही. अगं, पिठाचा डबा तरी लोक यापेक्षा नीट बंद करतात. काचेत बसून करतात काय हे? एकमेकांचे चेहरे बघतात?"

चेंबर खाली आलं. तळाचं तेल वर ओढून घेणारा पाइप आणि त्याच्या तोंडाची जाळी निघाली. मिस्त्रीचं तोंड अजून बोल्टांवरच होतं. फोरमनचा कोट, कोटाचे खिसे, खिशातलं पेन, सगळ्यांचा उद्धार चालला होता. मग त्याने बेअरिंगची एक पाती काढून उजेडात धरली. धातू वितळून वाहिला होता. तेल न मिळालेलं बेअरिंग असंच दिसतं, मग चेंबरमध्ये तेल नसो किंवा तेलाची वाट तुंबलेली असो. त्याने चादरीवरची जाळी उचलली आणि डोळ्यासमोर धरली. जाळीतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

वाट मोकळी होती. म्हणजे मग एकच कारण उरत होतं. मग बहिणीकडे न बघता त्याने विचारलं, "तू तेल बघितलं होतंस ना गं? खरंच?"

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने जाळीकडे बघितलं. जाळीच्या कडेवरून डिझेलचे थेंब गळत होते.

"दादा," ती म्हणाली, "ही तू धुतलीस."

मिस्त्रीने हातातला ब्रश बघितला. घमेलं रिकामं होतं. घाण डिझेल त्याने नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या पिंपात ओतलं होतं. कधी ओतलं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आत काय अडकलं होतं, किती अडकलं होतं, ते आता देवालाच ठाऊक.

पुढचे दोन तास त्याने पिठाच्या चाळणीने पिंप गाळलं. चाळण बायकोची होती, त्याचं पुढे जे व्हायचं ते झालंच. जोडातून तेल गळू नये म्हणून लावतात त्या गमाचे लाल तुकडे मिळाले. काळ्या गमाचे मिळाले, राखाडी गमाचेही मिळाले. पाच वर्षांतल्या सगळ्या इंजिनांची घाण त्या पिंपात होती. यातला कुठला तुकडा या ट्रकचा, हे सिद्ध करायला तो कोणासमोर उभा राहणार होता? त्याने चाळण भिंतीवर आपटली आणि स्वतःला अशी शिवी दिली, जी त्याने आजवर फोरमनलाही दिली नव्हती.

"मुद्दाम केलं का मी?" तो ओरडला.

धाकटी उठली होती. "धुतलीस त्याचं काही नाही," ती म्हणाली. "हातची चूक आहे, कोणाचीही होते. पण जाळी स्वच्छ दिसल्यावर तुला आधी आठवले ते माझे हात. स्वतःचे नाही आठवले. मालक बोलला तेव्हा मला इतका राग आला नव्हता." चप्पल घालून ती निघून गेली.

शनिवारी मिस्त्री स्टँडवर गेला. मालकाला सांगून टाकायचं, पुरावा मी घालवला, हवं तर मला बोल. रात्रभर त्याने ही वाक्यं जुळवली होती आणि प्रत्येक वेळी शेवटी भांडणच होत होतं. पोहोचला तर धाकटी तिथे आधीच होती. मालकाचा दुसरा ट्रक माल भरून उभा होता. त्याचंही इंजिन धाकटीच्या इंजिनाबरोबर त्याच आठवड्यात काचवाल्यांनीच बांधलं होतं आणि तो मालकाचा सख्खा भाचा चालवत होता, दाढीवाला, आडदांड, स्वभावाने गरीब. धाकटी त्याच्या दाराशी उभी होती.

"काटा किती दाखवतो रे?"

"काट्याचं काही खरं नाही मावशी. चार दिवस झाले, खालीच असतो. फोरमनला फोन केला तर म्हणाला, इंजिन नवं आहे, काटाच खोटा बोलतोय, चालवत राहा."

मिस्त्री जागच्या जागी थांबला. तेच शब्द, अगदी त्याच क्रमाने. धाकटीने भाच्यापुढे हात केला. "किल्ली दे."

मालक धावत आला. माल भरलाय, गिऱ्हाईक थांबलंय, ही काय जबरदस्ती, असं बरंच बोलला. धाकटीने त्याला पुरतं बोलू दिलं.

"माल भरलाय म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली. "मी चढावर होते, म्हणून थांबता आलं. हा उतारावर असला तर? इंजिन बंद पडलं की ब्रेकची हवा किती वेळ पुरते, ते तुम्हाला माहीत आहे. पाठवा तुम्ही खुशाल. भाचा तुमचा आहे. माझं काय, मी बाईमाणूस, मला काय कळतंय?"

मालकाने एकदा भाच्याकडे बघितलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

रविवारी शेडमध्ये पाच माणसं होती. फोरमन सुट्टीच्या दिवशीही निळा कोट घालून आला होता. मिस्त्रीने सगळ्यांसमोर दोन्ही हात खिशात घातले आणि सांगितलं की आज तो कशालाही शिवणार नाही. भाच्याच्या ट्रकचे बोल्ट भाच्यानेच काढले. चेंबर खाली उतरलं. कडेच्या आतल्या अंगाने लाल गम गांडुळांसारखा लोंबत होता. जाळीचं अर्धंअधिक तोंड त्याच गमाने बंद झालं होतं. धाकटी मालकाला म्हणाली, "बोट लावून बघा. तुमचंच लावा." मालकाने बोट घातलं. गमाचा लांबच्या लांब तुकडा निघून त्याच्या हातात आला.

"गम तर सगळेच लावतात," फोरमन म्हणाला. "थोडा इकडेतिकडे जातोच. नवीन माणूस होता त्या आठवड्यात."

मिस्त्रीचे हात खिशातच राहिले, तोंडाला खिसा नव्हता. "थोडा? अरे, भिंतीला गिलावा करतात तसा थापलायस. बोल्ट आवळल्यावर जेवढा बाहेर येतो तेवढाच आत जातो. बाहेर आलेला पुसलास, दिसतो म्हणून. आत गेलेला कोणी पुसायचा? सुटून तेलात पडतो आणि जाळीवर जाऊन बसतो. तुला एकदा नाही, दोनदा फोन आला. दोन ड्रायव्हर सांगतायत काटा पडतोय, आणि तू म्हणतोस काटा खोटा. वर कागद लिहितोस, शिक्का मारतोस, बाईच्या पोटावर पाय देतोस आणि स्वतः नामानिराळा. कोट काढ तो. निदान कोटाची तरी लाज राख."

फोरमनने कोट काढला नाही, पण गेला लवकर. मालक गमाचा तुकडा हातात धरून उभा होता. भाचा ज्या रस्त्याने जाणार होता, तो उतार त्याच्या डोळ्यापुढे असावा.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुमच्या बहिणीचं बरोबर होतं."

"मी इथेच उभी आहे," धाकटी म्हणाली. "आणि इथे सांगून चालणार नाही. कागद जिथे वाचलात तिथेच सांगा."

सोमवारी मालकाने टपरीसमोर सांगितलं. जमिनीकडे बघत सांगितलं, मध्ये दोनदा खोकला, पण सांगितलं. ड्रायव्हर लोक चहा प्यायचे थांबून ऐकत होते. सीट तिचीच राहिली.

इंजिन बांधायला मिस्त्रीला नऊ दिवस लागले. क्रँक घासून आला, नवी बेअरिंगं बसली, गम लावला तो दोऱ्याएवढा बारीक. गुडघे रात्री कण्हायचे. धाकटी रोज यायची. तो हात पुढे करायचा, ती नेमका हवा तो पान्हा द्यायची आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. वहिनीशी भरभरून बोलायची. "दादाला विचार, उद्या किती वाजता," असं त्याच्या देखत वहिनीला सांगायची. मिस्त्रीला संताप यायचा. मालकाने माफी मागितली, फोरमन गेला, सगळं जागेवर आलं, आता हिला काय हवंय? काय हवंय ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर संताप यायचा. आयुष्यभर तो इतरांच्या चुका धरत आला होता. स्वतःची धरायची कशी, याचा सराव नव्हता.

दहाव्या दिवशी इंजिन सुरू झालं. धाकटी केबिनमध्ये स्टिअरिंगपाशी, मिस्त्री खाली बॉनेटपाशी, हात इंजिनावर. आवाज एकसारखा होता.

"काटा किती?" त्याने खालून विचारलं.

उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं.

"वर चढ आणि बघ," ती म्हणाली. नऊ दिवसांतलं तिचं त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "मी सांगून तुला थोडंच पटणार आहे?"

चाळीस वर्षांत त्याने कुठल्याही ड्रायव्हरच्या तोंडचा आकडा मानला नव्हता. गुडघे असोत नसोत, वर चढून स्वतः बघायचा आणि मगच बॉनेट लावायचा. सवयीने त्याचा पाय पायरीवर गेलासुद्धा. त्याने तो खाली घेतला.

"नाही चढत," तो म्हणाला. "तू सांग. तू सांगशील तो खरा."

ती समोर बघत बसली.

"चुकलो मी," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं. इंजिन चालू आहे."

"चुकलो म्हणतोय मी," मिस्त्री एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या घराची खिडकी उघडली. "तुला तसं विचारायला नको होतं. आता काटा सांगतेस की नाही?"

धाकटीने काट्याकडे बघितलं. तिने घाई केली नाही.

"साडेचार," ती म्हणाली.

त्याने बॉनेट लावलं.