राक्षसासाठी पान

केळीचं पान पाण्यानं पुसताना जो हिरवा वास सुटतो, त्यानं मला कुंभकोणमच्या घरातली ती दुपार आठवते. दारात कोलमची रांगोळी काढायच्या तांदळाच्या पिठीनं मी फरशीवर भुयाराचा नकाशा काढला होता. गोष्ट मी सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवायचं आणि ते जमलं का हे फाशानं सांगायचं, असा तो खेळ. पुण्याहून आलेला मावसभाऊ नियमांचं जाड पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. भुयारात राक्षस आडवा आला तशी त्यानं तलवार उपसली. दारासुरमहून आलेली, पहिल्यांदाच खेळणारी आत्या मात्र म्हणाली, "थांब रे. उपाशी दिसतो. आधी पान मांडते, मग विचारू काय पाहिजे ते." भाऊ हसला. "असं पुस्तकात नाही. खेळ असा चालवत नाहीत." माझं डोकंच फिरलं. "खेळ मी चालवतेय, दादा. आत्या, टाक फासा." एक पडला. त्याहून वाईट काही पडतच नाही. "आता खाईल तुला!" भाऊ ओरडला. पण आमच्या घरात पान मांडलं की तो पाहुणा, हा नियम त्या पुस्तकाहून जुना. मी म्हणाले, "राक्षस सगळं जेवला, अजून मागतोय, आणि आता इथून हलणार नाही म्हणतोय." आत्यानं पदर खोचला. "राहू दे. पाणी भरेल." भाऊ पुस्तक मिटून उठला, आम्ही दिवेलागणीपर्यंत खेळलो. आजही माझ्याकडे खेळायला आलेलं कुणीतरी पुस्तक उघडून सांगतं, असं चालत नाही. मी म्हणते, माझ्याकडे चालतं.