वहिनीची भरलेली बाटली

"आत्या, आईला बाजारातनं उचलून आणलंय... तुमी या लगेच." वहिनीचा मुलगा सुरेश फोनवर एवढंच बोलला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा वहिनी गेलेली होती. बीपी वाढून डोक्यात रक्तस्राव झाला होता. ती पडली तेव्हा समोर बसलेल्या बाईचा हात तिच्या हातात होता, आणि चुडा अर्धाच भरून झाला होता. याला आता पाच आठवडे झाले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यावर रडत न बसता तिनं बांगड्यांची पेटी उचलली आणि मंद्रूपहून आसपासचे आठवडी बाजार धरले. गिऱ्हाइकाचा हात दाबून, बोलण्यात गुंतवून ती अशी बांगडी चढवायची की बाईला कळायचंही नाही. मलाही सोडायची नाही. "वन्सं, मास्तरीण झाला, पन हात अजून हाडकुळाच की!" मी चिडायचे, आणि ती पोट धरून हसायची.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली असताना तिला चक्कर आली. मीच तिला सोलापुरातल्या माझ्या डॉक्टरांकडे नेलं. बीपीची गोळी सुरू झाली. त्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषधही होतं. महिन्याभरानं ती परत आली आणि स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "वन्सं, त्या गोळीनं सारकं उटावं लागतंय. बाजारात बाईमानसानं जायचं कुटं? आडोसा तर कुटंच न्हाय. समोरची बाई हात पसरून बसती, पेटी कुनावर टाकून उटू?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, "होईल सवय. सगळ्यांनाच होते."

त्याच दुपारी डॉक्टरांनी तिला विचारलं, "काही त्रास?" वहिनीनं पदर तोंडाशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. परक्या पुरुषापुढं ते कसं बोलायचं, हे तिला उमगत नव्हतं. मी तिच्यासाठी ते सांगायला हवं होतं. पण बाहेर माझ्या कॉलनीतल्या दोघी बसल्या होत्या, दार उघडंच होतं... मला लाज वाटली. शिवाय शाळेत तीस वर्षं मुलांची उत्तरं मीच पुरी करत आले. "काही नाही डॉक्टर, ठणठणीत आहे," मी म्हणून टाकलं. वहिनीनं मान हलवली.

त्यानंतर तिनं तक्रार केली नाही. भेटली की मी पुढच्या गोळ्या घेऊन द्यायचे आणि विचारायचे, "गोळी घेतेस ना?" ती म्हणायची, "व्हय की." मला तेवढं पुरायचं. उन्हाळ्यात एकदा मी बाजारात तिच्याशेजारी दिवसभर बसले. अंगाची काहिली होत होती, पण तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. "प्यालं की उटावं लागतंय," ती म्हणाली. मी तिला काटक म्हटलं. काय डोकं होतं माझं!

दिवसकार्य झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. वहिनीनं स्वयंपाकघरात सांगितलेलं सगळं ऐकून त्यांनी तिचा जुना कागद काढून पाहिला. मग म्हणाले, "बाई, सांगितलं असतं तर गोळी बदलून दिली असती. दुसऱ्या पुष्कळ आहेत." मला त्यांच्याकडे बघवेना.

सुरेशनं तिची बाजाराची पिशवी माझ्याकडे दिली. आत बांगड्यांच्या कागदात गोळ्यांची पाकिटं गुंडाळून ठेवलेली होती. एकही गोळी काढलेली नव्हती. टाकूनही दिली नव्हती, कारण मी घेऊन दिली होती ना! खाली पाण्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. त्या दिवशी सकाळी घरून निघताना तिनं ती भरली असणार.

ती बाटली माझ्या ओट्यावर आहे. सून दोनदा म्हणाली, "आई, ओतून टाकू का? वास यायला लागलाय." मी नको म्हटलं. वहिनीच्या वाटणीचं पाणी आहे ते. तिनं ते प्यायला हवं होतं.