दाँग क्वायची मुळी

आमच्या एजवेअर उपनगरातल्या चिनी औषधांच्या दुकानातली ती बाई प्रत्येक मुळी कापण्याआधी नाकाशी धरून डोळे मिटत असे. मला ते नाटक वाटे. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मी तिच्याकडून दाँग क्वाय नावाची मुळी नेली आणि आठवड्याभरात त्यांच्या दंडांवर जांभळे डाग उमटले. मी उरलेल्या मुळीची पुडी परत नेऊन तिच्यासमोर ठेवली.

"यात काय मिसळलंत?"

"त्या रक्त पातळ होण्याची गोळी घेतात का?"

"घेतात."

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काहीच घेत नाहीत."

परक्या बाईला नसत्या चौकशा कशाला, म्हणून मी तसे म्हणाले होते.

"या मुळीनेही रक्त पातळ होतं. आजच डॉक्टरांकडे न्या. आणि त्यांना तरी खरं सांगा."

तिने पुडीतली मुळी उचलून हुंगली. या वेळी डोळे उघडे होते, माझ्यावर रोखलेले.